पाणाड्याचा नारळ अन् काकूची आमटी

पाणाड्यांचं कौतुक मला तरी सांगूच नका! केदारखेड्याला काकांनी बोअरसाठी एक पाणाड्या आणल्ता. त्याच्या तळहातावरचा नारळ वावरात जिथं उभा राह्यला, तिथं मशीन लावली. नुसता धुरळा निघाला.

मी म्हणलं, "महाराज, पाणी कुठंय?"

"पाणी व्हतंच. कुणाच्या तरी मनात शंका आली, म्हणून सरकलं."

"अन् लागलं असतं तर?"

"मंग नारळ खरा!"

काकांना हे बिलकुल पटलं. हात जोडून त्यालाच जेवायला घरी आणलं, अन् काकूलाही ते कारण कौतुकानं ऐकवलं.

पहिल्याच घासाला पाणाड्या म्हणाला, "वहिनी, आमटीत मीठ न्हाई."

काकू म्हणाली, "बराबर टाकल्तं, महाराज. तुमच्या मनात शंका आली असंल, म्हणून सरकलं."