कठड्याच्या डावीकडे

हॅलो?… हॅलो, आजी?… हो, मीच, डर्व्हला. येतंय ऐकू… मिळाला, डबा मिळाला. काल दुपारी. पोस्टमन दारातच खोळंबला होता, कॉव्हेंट्रीहून एवढं जड काय आलं म्हणून… नाही गं, चेमटला नाही. आत फोटो एकशे बारा. मोजले ना, दोनदा मोजले. एकोणनव्वद काळेपांढरे, तेवीस रंगीत. मागे काहीतरी लिहिलेले एकतीस. त्यातल्या सहांवर नुसतं ‘आम्ही’… हो, ‘आम्ही’! अगं, आम्ही म्हणजे कोण? अक्षर तुझंच आहे…

म्हणजे तुलाही माहीत नाही. छान.

हो, सगळे लावणार. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये, चार फळ्यांवर. सगळं ड्रमकारा येणार आहे बघायला… सायकलवाली? ती विनी गॅफ्नी? मला वाटलं तू… तुझे पाय एवढे बारीक नव्हते. तूच म्हणतेस हां, मी नाही म्हटलं.

आणि एक गंमत सांगू? पहिल्या कम्युनियनचे फोटो आहेत अकरा. मुली वेगवेगळ्या, सालं वेगवेगळी, पण त्यातल्या पाच जणींच्या अंगावर फ्रॉक एकच… कसा म्हणजे? गळ्याजवळ रफू आहे. भिंगातून पाहिलं. पाचही ठिकाणी तिथेच, तेवढाच… बघ! मला वाटलंच होतं. पाचवीला तो गुडघ्याच्या वर आलाय, बिचारी खाली ओढतेय.

आणि तो कोण, ज्याचं डोकं कात्रीने कापलंय?… नृत्याच्या हॉलबाहेर. तू हसतेयस, तुझ्या खांद्यावर हात आहे, आणि वर डोकंच नाही… सांग ना… बरं. बरं, नाही लावत. नाही विचारत. कोटावरून तरी बरा वाटतो… ठीक आहे, गप्प बसते.

काय?… हां, तो वारा. मी कबरस्तानात आहे… नाही, नाही, कोणी गेलं नाही! सगळे धडधाकट आहेत. बाबाही इथेच आहे, भिंतीवर बसून सँडविच खातोय… अगं, बुधवार ना आज. नोएल आलाय, पाथरवट. तुझ्या दगडाचा पाया खणायला… हो, दगड तयार आहे, मी पाहिला. नाव नीट कोरलंय पणजीचं. सत्तावन्न सालच बरोबर आहे, हो… माहीत आहे गं मला. तू शनिवारी बोटीने उतरणार. पुढचा रविवार नाही, हाच रविवार, कबरींचा. सगळी घरं आपापल्या कबरीपाशी उभी राहणार, फादर पाणी शिंपडत येणार, आणि तू सदुसष्ट वर्षांनी आईच्या नावाच्या दगडापाशी उभी राहणार. पाठ आहे मला.

पण आजी, नोएलने अजून फावडं लावलेलं नाही. मीच थांबवलंय.

अगं ऐक ना… हो, हो… सांगतेच आहे. आधी कबूल कर, रागावणार नाहीस… ऐकल्यावर ठरवशील? ठीक आहे. रास्त आहे.

सत्तेचाळीस नंबरचा फोटो. मागे लिहिलंय, ‘जुलै अठ्ठावन्न, कबरींचा रविवार’. तू, पणजोबा आणि ह्यूबी आजोबा… हो, तुझाच भाऊ. एकोणीस वर्षांची तू, आणि चेहरा असा की कोणीतरी तोंडात लिंबू पिळलंय… बूट चावत होते? मला वाटलं दुःख… दोन्ही. बरं.

तुझा कोपर रेनॉल्ड्सांच्या कबरीच्या लोखंडी कठड्यावर आहे… तोच, टोकं असलेला. तो आहे अजून, हललेला नाही. भिंतीतून निघतो आणि आठ मीटर वीस सेंटीमीटर पुढे येतो. आता बघ. फोटोत भिंत मागे आहे आणि तुम्ही तिघं कठड्याच्या डावीकडे आहात. आणि दर जुलैला आम्ही उभे राहतो ते… कुठे?… बरोबर. झाडाखाली. उजवीकडे.

…आजी?… हॅलो?… ओरडू नकोस, नोएलपर्यंत ऐकू गेलं.

हो, मीही आधी तेच म्हटलं. बाबाही तेच म्हणतोय, फोटो उलटा छापला असेल. होतं तसं, फिल्म उलटी ठेवली की डाव्याचं उजवं होतं. म्हणूनच मला तुझी साक्ष हवी. पणजोबांच्या कोटाच्या बाहीवर काळ्या कापडाचा तुकडा आहे, चौकटच्या एक्क्यासारखा… हो, दुखवट्याचा. कोणी शिवला होता?… तू? तुझ्या हाताने? मग सांग, कुठल्या बाहीवर?… नाही, फोटोत कुठे दिसतो ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुझं उत्तर बाद होईल… अगं, अविश्वास नाही, पद्धत आहे ती.

डाव्या… नक्की?… उजव्या बाहीला आधीच ठिगळ होतं, म्हणून डाव्या. हे उत्तम झालं. फोटोतही डाव्याच बाहीवर आहे. आणि उजव्या कोपराला ठिगळही दिसतंय, आता तू म्हणालीस म्हणून.

बाबा! फोटो सुलट आहे!… त्याने सँडविच खाली ठेवलं.

थांब, अजून आहे. कठड्यापलीकडे, आम्ही उभे राहतो बरोब्बर त्याच जागी, फोटोत चार माणसं आहेत. एक बाई, टोपीला पीस, हनुवटी अशी आभाळाला लावलेली… कोण?… डीलिया मुलवी? ती? खुडूक कोंबडीवाली?… हळू गं, कान गेला माझा… मला एवढंच माहीत होतं की कोंबडी नेली आणि परत केली नाही… अच्छा, परत केली, पण दुसरीच. लंगडी. आणि वर म्हणाली, ही तुमचीच… नऊ वर्षं बोलणं नाही? एका कोंबडीवरून?… बरं, ‘एका’ म्हणत नाही.

मला सांग, कबरींच्या रविवारी कोणी दुसऱ्याच्या कबरीवर उभं राहील का? चुकून?… जीव गेला तरी नाही. तेच म्हणतेय मी. म्हणजे झाडाखालची जागा मुलवींची. डीलियाला कुठे पुरलं, आठवतं?… सत्तर साली. नवऱ्याशेजारी… हो आजी. म्हणजे तिथेच. म्हणजे आम्ही तेहेतीस वर्षं डीलिया मुलवीचं तण उपटतोय.

…हसतेयस की रडतेयस?… बाबा, हसतेय ती!… हो, बेगोनियाची रोपं पण. दर मे महिन्यात. हो, नाताळचे हिरवे हारही तिलाच, तू पाठवायचीस ते सगळे. प्रार्थना तर मोजल्याच नाहीत… आता स्वर्गात गेली असली तर आपल्याच जिवावर गेली, हे मात्र खरं.

मुलवी? कोणी नाही उरलं इथे. शेवटचा डब्लिनला गेला… नाही, बिल पाठवता येणार नाही, आजी.

कोणी केलं म्हणजे… ह्यूबी आजोबांचा दोष नाही. ते एकोणनव्वदला गेले, तोवर बरोबर जागी यायचे. घोळ एक्याण्णवचा आहे. गाव नीटनेटकं ठेवायची स्पर्धा होती ना, तिची समिती. कबरींमधून गवत कापायचं यंत्र जाईना, म्हणून कोणीतरी सगळे बिननावाचे दगड उपटून झाडाखाली एका ओळीत लावले. सुबक. आपलाही त्यात… कोणीतरी म्हणजे…

आजी, तो इथेच भिंतीवर बसलाय.

बावीस वर्षांचा होता गं… मी बाजू घेत नाहीये. तो म्हणतो, क्रम चुकू दिला नाही… हो, क्रम बरोबर, जागा चूक, तेच मी म्हटलं. पुढच्या जुलैला दगड दिसला तिथे उभा राहिला. सगळी ओळच तशी उभी राहिली… आणखी किती घरं चुकीच्या जागी उभी राहतात, देव जाणे. नाही, मी कोणाला सांगणार नाही. निदान हा रविवार होऊ दे.

बक्षीस? थांब, विचारते. बाबा, त्या वर्षी बक्षीस मिळालं?… नाही म्हणतो. पण कबरस्तानाचे दोन गुण वाढले.

फोन देऊ त्याला?… नको म्हणतेय, बाबा. शनिवारी बोटीवर भेटेल म्हणतेय. कान झाकणारी टोपी घालून ये म्हणतेय.

बरं, आता हसणं पुरे. खरी अडचण ऐक. बाजू कळली, पण डावीकडे आठ मीटरचा पट्टा आहे आणि सगळं सपाट गवत. चार-पाच घरांच्या कबरी असतील त्यात. फोटोत तुमचे पाय गवतात आहेत, त्यावरून नेमकं माप निघत नाही, मी काल रात्रभर… बरं, संध्याकाळभर प्रयत्न केला. नोएलला दीड वाजता दुसरीकडे जायचंय. आज पाया घातला नाही तर काँक्रीट शनिवारपर्यंत धरणार नाही, मग दगड उभा राहत नाही… हो, अंदाजाने घालता येईल. नोएल तेच म्हणतोय, मीटरभर इकडे की तिकडे, कोणाला कळतंय…

हो. मला माहीत होतं तू हेच म्हणशील… नाही, नाही घालू देत. शपथ… अगं, ‘माझी शेवटची खेप’ वगैरे नको. तू माझ्या लग्नालाही येणार आहेस… आधी मुलगा बघू दे, मग तारीख सांगते.

ते जाऊ दे, तू आठव. दगडावर नाव नव्हतं, मग पणजोबा जागा कशी ओळखायचे? काही खूण?… प्रार्थना नव्हे गं, माप… काय?… थांब, थांब. परत सांग. सावकाश… भिंतीला टाच लावून. पावलाला पाऊल लावत… एकवीस. तुला आणि ह्यूबी आजोबांना पाठ करायला लावलं? पाढ्यासारखं?… ‘दगडाचा भरवसा नाही, कोणी उचलून नेईल, आई हरवायला नको.’ असं म्हणायचे?… बाबा, ऐकलंस?… मान खाली घातली त्याने. पुरे आता, आजी, त्याला लागलंय.

एकवीस. कोणाची पावलं? त्यांचीच. अनवाणी की बूट?… बूट. किती नंबरचे?… तू दर शनिवारी पॉलिश करायचीस, तुला नाही तर कोणाला माहीत असणार!… दहा. दहा नंबरचा कामाचा बूट म्हणजे तळवा बाहेरून साधारण एकतीस सेंटीमीटर. एकवीस एकतिशे… सहाशे एक्कावन्न. साडेसहा मीटर. कबरीच्या कडेपर्यंत की मध्यापर्यंत?… मध्यापर्यंत. छान. बुटामागे अर्ध्या सेंटीमीटरची चूक धरली, तर एकूण दहा इकडेतिकडे… नाही गं, शंका तुझ्यावर नाही, बुटावर आहे.

पण नुसत्या आकड्यावर खणायचं नाही मला. पडताळा हवा. आणखी काही होतं? वर काही लावलं होतं? झुडूप?… बादली? कसली बादली?… सायकलच्या हँडलला अडकवून… पणजीच्या माहेरच्या ओढ्यातून? वर डोंगरातून? दोन खेपा?… म्हणून बूट चावत होते!… आणि त्यात काय होतं… पांढरे दगड. कसले पांढरे, चुन्यासारखे की काचेसारखे? एकमेकांवर घासले की ठिणगी… गारगोट्या! आजी, त्या गारगोट्या होत्या!

अगं, म्हणजे काय म्हणजे! ड्रमकाराखाली सगळी चुनखडी आहे. गारगोटी इथल्या मातीत आपोआप येत नाही, कोणीतरी आणावीच लागते. आणि यंत्राने वरचा दगड नेला, पण मातीत बसलेल्या गारगोट्या… फोन ठेवू नकोस. नोएल! तुझी टोकाची सळई आण. बाबा, पट्टीचं टोक भिंतीला धर. शेवाळाला नको, दगडाला टेकव.

नाही, अजून काही नाही. आत्ता तर सुरुवात केलीय… पाच मीटर ऐंशी, नुसती माती. सळई लोण्यात गेल्यासारखी जातेय… सहा मीटर, माती… ‘देवा देवा’ मनात म्हण ना, मला आकडा ऐकू येत नाही… सहा दहा. काही नाही…

ऐकलंस?

थांब. परत, नोएल. बाजूला… हो. तसाच आवाज. बाबा, सुरी दे. सँडविचची चालेल… गवत कापतेय, आजी. मुळं आहेत बरीच… हात घालते… गार आहे. गोल आहे. थांब, पुसते.

पांढरी आहे.

…आजी?… हो. हो, माझ्या हातात आहे… नाही, परत ठेवते, नेत नाही… शेजारी आणखी आहेत. एकीला एक चिकटून, कोणीतरी हाताने बसवल्यासारख्या… तू? बरं, तू मधल्या आणि ह्यूबी आजोबांनी कडेच्या… बाबा? बाबा टोपी काढून उभा आहे. बोलायचं म्हणतोय… नाही, आता कान नाही पिळायचा. देते थोड्या वेळाने, आधी मला काम पुरं करू दे, नोएल घड्याळ बघतोय.

सळई पुढे चालू दे, नोएल. लागतेय… लागतेय… अजून लागतेय… आता नाही. मागे घे. हां, इथे संपल्या.

आजी, कागद-पेन्सिल आहे? घे. चष्मा गळ्यातच असेल तुझ्या… लिही. खोली, अकरा सेंटीमीटर. भिंतीपासून सुरुवात, सहा मीटर पंधरा. शेवट, सहा मीटर त्र्याण्णव. नोएल फावडं घेऊन उभा आहे, मी ठेवते… हो, मध्य राहिलाच. लिही. मध्य, सहा मीटर चोपन्न.