सांगलीच्या हापिसातला नारळ

आमी म्हसवडची, सिद्धनाथाच्या पायाशी वाढलेली मानसं, काय सांगू तुमाला ताई, तिकडं पान्याचं नाव न्हाई, म्हून दिवाळी झाली की गाडीला बैल जुपायचं, वर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं टाकायची आन् सांगलीकडं ऊसतोडीला निघायचं. लगीन झालं त्या सालापास्नं मी जायाची. पहिल्यांदा उसाला तुरं आल्यालं बघितलं आन् येड्यावानी उभीच ऱ्हायले, सगळं रान पांढरं, वारं आलं की हालायचं, मला वाटायचं मी झोपेतच हाय. नवरा म्हनायचा, आगं कोयता चालीव की, सपान काय बघतीस. आजूनबी मला तसंच दिसतंय समदं, मधीच तुरं, मधीच धुकं.

तर माझी धाकटी भन चिंधा, माझ्याच दिराला दिलेली, ती एका साली तिथंच पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या खोपटात, बाळंत झाली. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, बायको बसली की कोयता मोडला. मुकादम आमच्याच भावकीतला, पन दारात येऊन म्हनला, बाईनं उद्या फडात ऊस तोडाय यायचं, न्हाईतर कोपी सोडा. आन् चिंधा अंगात ताप घिऊन गेली वो. मोळी उचलताना पडायची, परत उठायची, लेक तिकडं बांधावर झोळीत. माझा जीव नुसता तुटायचा, पर बोलायचं कुनाला?

तशात तिथल्याच गावचा कांबळे आन्ना सायकलवर आला. बुद्ध झाल्याली मानसं ती, पयले गावची दवंडी त्येंच्या घरात हुती, ती सोडली, पन आवाज कुठं जातुया. कोप्यांच्या मधी उभा ऱ्हाऊन सांगाय लागला, आवं आयाबायांनो, वली बाळंतीन उसात उभी करायची न्हाई, कुनाला मारायचं न्हाई, मुकादम आईकना तर सांगलीला सरकारी हापिस हाय, सायेब बसतुया, जावा, मनातलं सांगा, तिथं ऐकत्यात. गडीमानसं खाली मान घालून बसली, फुडल्या साली मुकादमानं न्हेलं न्हाई तर खायाचं काय? मला मातुर दिसभर कानात त्येच, तिथं ऐकत्यात, तिथं ऐकत्यात.

सकाळी नारळ घेतला, हळदकुकू घेतलं आन् निघाले. कृष्णेच्या कडंनं धुकं, पाय जिमिनीला लागत हुतं का न्हाई कुनाला ठावं. हापिसाच्या दारात वहाना काढल्या, उंबऱ्यावर नारळ फोडला, शिपाई आवं बाई, आवं बाई करतुया, मी कुठली ऐकतीय. सायबापुढं हात जोडलं, डोळं मिटलं आन् म्हनलं, माझी भन मरतीया, तिला फडातनं उठीव, मुकादमाला बुद्दी दे. टेबलावर खोबऱ्याची कवड ठिवली, पाया पडले आन् आले भाईर. झालं की! आमच्या नाथापुढं असंच सांगत्यात, त्येला काय नावगाव सांगाय लागतंय व्हय?

अन् बघती तर सायेब पाठीमागनं पळत आल्याला, हातात खोबरं तसंच. आवं बाई, तुमची बहीण कुठल्या गावात आहे, मुकादम कोण, सांगितल्याशिवाय मी जाऊ कुठं? मी बघतच ऱ्हायले, देव मागं पळत आल्याला कुनी बघितलाय का! मला हसू आलं, मंग रडू आलं, मंग समदं सांगितलं.

त्याच दिशी जीपगाडी फडावर आली. मुकादम टोपी हातात घिऊन उभा. कायदा काय हुता मला आजून उमगलं न्हाई, पन चिंधाला त्याच गाडीत घालून मिरजंच्या दवाखान्यात न्हेलं, डाक्टरीन म्हनली, आज आनली म्हून वाचली. फुडल्या साली मुकादमानं आमाला न्हेलं न्हाई, मंग आमी दुसरी टोळी धरली.

आता चिंधाच्या त्या लेकीला नातवंडं झाली. मी नाथाला जाती तवा हात जोडून पयलं सांगती, देवा, मी साळू, वरच्या आळीची, आमकं आमकं गाऱ्हानं हाय. पुजारी हसतुया, म्हनतुया, आवं आजी, देवाला ठावं हाय की. म्हनलं असू दे, सांगितल्याबिगर त्यो तरी यायचा कुठं? तुमीबी लिवताय न्हवं ताई, मंग माझं नाव, गाव पयलं लिवा. सुखात ऱ्हावा.