तीन टोले आणि एक

नाव: झोदिनपुई, वय ६१ वर्षे, धंदा: शिक्षिका, राहणार चर्चखालची आळी, सैथांगमुअल, जिल्हा चंफाई, मिझोराम.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते, ते असे:

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बिआकमुआनी यांना मी कधीपासून ओळखते, असे मला विचारण्यात आले. लहानपणी आम्ही दोघी शिलाँगला सिस्टरांच्या शाळेत एकाच खोलीत राहत होतो. रविवारी वॉर्डन सिस्टर संध्याकाळच्या प्रार्थनेला गेल्या की मुआनी स्वयंपाकघराबाहेरच्या घंटेवर तीन टोले द्यायची, थांबायची, मग एक. म्हणजे सिस्टर गेल्या, या. चुलीच्या राखेत भाजलेले बटाटे आम्ही खायचो. सोलताना तिची बोटे भाजायची, आणि मोठा तुकडा ती मला द्यायची. हे तपासाला लागते, म्हणून सांगितले.

नदीपलीकडे म्यानमारमध्ये चाललेल्या लढाईमुळे तिथली चिन जमातीची कुटुंबे आमच्या गावात आली, त्याला तीन वर्षे झाली. त्यांच्या मुलांना मी शिकवते. गावातली प्रत्येक बाई भात शिजवताना चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढते. त्या तांदळातून या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळत होते.

यंदा निवडणूक जवळ आली आणि बाजारात मारामारी झाली. पलीकडून आलेल्या या कुटुंबांनी महिनाअखेर परत जावे, असे गावच्या समितीने ठरवले. घाबरून ती कुटुंबे डोंगरउतारावरच्या शेतझोपड्यांत राहायला गेली. नी सुंग या माझ्या विद्यार्थिनीच्या आईने शाळेत येऊन मला विचारले, "मिस, लाउडस्पीकरवरून बोलावलं तर यायचं का?"

मी म्हणाले, "कुणीही बोलावलं तरी यायचं नाही. आपल्या घंटेचे तीन टोले आणि मग एक ऐकू आला, तरच या. ती मी असेन."

मुआनी शेजारी बसली होती. ती हसली. "अगं झोदी, तुला अजून आठवतं?"

त्याप्रमाणे मी घंटा देत असे आणि मुले खाली येत.

मंगळवारी सकाळी मुआनीने मला पुस्तके आणायला चंफाईला पाठवले. "येताना माझ्यासाठी चहा आण, तो चांगला वासाचा," असेही म्हणाली. मी दुपारी परतले. वर्गाबाहेर चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. आत कोणी नव्हते.

गावचे दवंडीवाले पु (श्री.) ह्रांगा भेटले. ते म्हणाले, "बाई, घंटा झाली तशी पोरं कशी धावत आली म्हणून सांगू! एक म्हणे, आज डाळ आहे का? मागून आया आल्या. मग समितीनं सगळ्यांना तसंच अनवाणी ट्रकात चढवलं. मला आधी वाटलं, सहल काढलीत."

ट्रक नदीवरच्या पुलापलीकडे रिकामा करून परत आला होता.

मी मुआनीच्या घरी गेले. ती म्हणाली, "बस, चहा घे."

"घंटा कुणी दिली, मुआनी?"

"ती पोरं तरी जातील नाहीतर शाळेला कुलूप लागेल, असं समितीवाले सांगून गेले होते. आपल्या गावच्या पोरांना मी कुठे बसवू?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू वाजवू दिली असतीस? तू आपली नेहमी चांगलीच राहिलीस, झोदी. बटाटे चोरायचे मी आणि खायचीस तू."

तिने दिलेला चहाचा कप मी तसाच चुलीजवळ ठेवला आणि निघाले.

नी सुंग, वय १३, ट्रकात नव्हती. मैदानाच्या टोकाला येताच तिला ट्रक दिसला आणि ती रानात पळाली, असे पु ह्रांगा सांगतात. तिच्या आईला नेले आहे. बुधवारी मी झोपड्यांपर्यंत हाका मारत गेले. एका झोपडीतली चूल गरम होती. भात अर्धा खाऊन तसाच टाकलेला होता. माझा आवाज ऐकूनच ती गेली असावी. शोधायला माणसे पाठवावीत, ही माझी मुख्य विनंती आहे. त्यांनी शाळेची घंटा वाजवू नये. मला बरोबर नेऊ नये.

शाळेच्या कोठीतला मुठीचा तांदूळ पुलापलीकडे मुलांच्या आयांना पोचवावा. तो घराघरातल्या बायकांनी काढलेला आहे, समितीचा नाही. चपलांचे जोड मी बांधून ठेवले आहेत, तेही पाठवावेत. घंटा वाजवायची लोखंडी कांब मी काढून पिशवीत आणली आहे. ती बिआकमुआनी यांना द्यावी, मला नको. त्यांनी चंफाईहून मागवलेला चहाही त्याच पिशवीत आहे.

नी सुंग सापडल्यास तिला माझी जाड शाल द्यावी, रानात थंडी आहे. मंगळवारी आणलेले गणिताचे पुस्तकही द्यावे. कोणी दिले ते सांगू नये. माझे नाव निघाले तर ती घेणार नाही.

हा जबाब मला आमच्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यातून काही गाळायचे नाही.

सही: झोदिनपुई