पवारमामांची पिवळी पट्टी

हसू नका, पण मला खरंच वाटलं होतं, मी परदेशातून बॅलिस्टिक्स, म्हणजे गोळ्यांच्या उड्डाणाचं शास्त्र, शिकून कतारला घरी परतले की इथली शूटिंग रेंज माझी वाटच बघत असेल. प्रत्यक्षात तिथे पवारमामा होते. साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त, रेंजच्या रायफली सांभाळणारे. दोन सारख्या दिसणाऱ्या रायफलींपैकी एकीला त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावली होती. "हे अशास्त्रीय आहे," म्हणत मी ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काढून टाकली.

मग मामांनी हाताने भरलेल्या कमी वेगाच्या जड गोळ्यांची मी चाचणी घेतली. कागदावर गोल भोकांऐवजी आडवी, लांबट भोकं पडली, म्हणजे गोळ्या हवेत आडव्या होत होत्या. गोळीला फिरकी देऊन सरळ ठेवणारा नळीतल्या खाचांचा पीळ मी मोजला, तीन पानं गणित केलं. पीळ पुरेसा निघाला. म्हणजे दोष गोळ्या भरणाऱ्याचा! तसा रिपोर्ट मॅनेजरला पाठवलासुद्धा, आणि मामांचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं.

मामांनी रिपोर्ट शांतपणे वाचला.

"ताई, माप कुठल्या रायफलीचं घेतलं?"

"हिचं."

"आन् गोळ्या कुठनं झाडल्या?"

मी दुसऱ्या रायफलीकडे बोट दाखवलं.

"तिचा पीळ कमी हाय. जड गोळी तिच्यातनं कोलांट्या खानारच. म्हणून तर जड गोळीसाठी हिला पट्टी लावली हुती."

"मग तेव्हाच सांगायचं ना, मामा!"

"सांगत हुतो. तुमी म्हणाला, खलास, बास झालं, आता सगळं शास्त्रानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. रिपोर्ट मागे घ्यायचा, चूक माझी होती असं लिहून द्यायचं, आणि रेंजवर जाताना पिवळ्या चिकटपट्टीचे दोन रोल घ्यायचे. एक रायफलीला, एक माझ्या तोंडाला.