आतल्या झाकणावरचे ओरखडे

हॅलो? … हां, बोल रे. … हळू बोल जरा, बाबा शेजारच्याच खोलीत आहेत. पेपर वाचतायत, पण कान इकडे.

पोचलास दुकानात? … घड्याळ समोर आहे ना? मग कार्डावर काय लिहिलंय ते वाच. … 'प्री-ओन्ड'. हो, म्हणजे वापरलेलं. एसी दुकानात ठेवलं की वापरलेलं म्हणत नाहीत. … पुढे? … 'कंडिशन व्हेरी गुड'. … अरे, हुरळून जाऊ नकोस! त्यांच्यात आधी 'मिंट', मग 'एक्सलंट', मग हे. तिसरा नंबर झाला. तुझ्या शाळेतल्या नंबरापेक्षा बराच वर म्हणा.

'नो बॉक्स, नो पेपर्स'… डबा नाही, कागद नाहीत. … चालेल रे, बाबांना डबा कुठे मनगटावर बांधायचाय!

अरे ऐक ना… हो, हो, कळतंय मला. जन्मभर लोकांची असली घड्याळं दुरुस्त केली, स्वतः कधी एक घातलं नाही. उद्या सत्तर पूर्ण होतायत, द्यायचंच आहे. पण तू फसशील ना! त्यांच्या टेबलावर आता मी बसते, मला विचारून घे.

काटे मूळचे? … डायल? … छान. आणि? … 'आतल्या झाकणावर ओरखडे'? आत कुठून येणार ओरखडे? … उघडून दाखवलं त्याने? कसे होते? … 'कसेतरी' काय, नीट सांग. … दोन आडव्या रेघा. … मध्ये टिंब? … आणि खाली आकडे?

… परत एकदा सांग. दोन रेघा, मध्ये टिंब, खाली आकडे. … नक्की?

अरे वेड्या, ओरखडे नाहीत ते! बाबांची खूण आहे. … हो, आपल्याच बाबांची! दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या आत सुईने करायचे, खाली साल घालायचे. … तुला कसं माहीत असणार, तू कधी भिंग डोळ्याला लावलंस? … त्यांच्या हाताखालून गेलंय रे ते घड्याळ!

काय? … पॉलिश करून देतो म्हणाला? फुकट? … आणि तू हो म्हणालास? … झाकण आत नेलं? अरे मग माझ्याशी काय बोलत बसलायस, पळ! … फोन राहू दे चालू, आधी त्याला थांबव!

…

हॅलो? … काय झालं? … आहे? सगळी? टिंबसुद्धा? … हुश्श. … नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय. तू तरी काय करतोयस, गाढवा?

काय म्हणतोय तो? … ओरखडे तसेच ठेवणार असाल तर किंमत कमी करतो? … मग करू दे की! घे, घे. … पण बाबांना सांगू नकोस हं, त्यांच्या खुणेने भाव उतरला म्हणून. आठवडाभर जेवायचे नाहीत.

थांब… काही नाही हो बाबा, गिऱ्हाईक आहे एक. … हो साहेब, उद्या घेऊन या. या नक्की. ठेवते.