हँगरचा तराजू

हसू नका, पण गेल्या रविवारी एका हँगरने मला धडा शिकवला.

मी शाळेत चौथीच्या मुलांना तराजू करायला शिकवते. जुना हँगर, सुतळी आणि श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, बस्स. तराजूवर शंका आली, तर दोन्ही डब्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करून बघायची, हेही सांगते.

माझी स्वतःची जुळी, ईशा आणि ओम, माझ्याच वर्गात आहेत. रविवारी ठाकुर्लीच्या घरी शिरा केला आणि दोघांना एकाच सेटमधल्या वाट्या भरून दिल्या. खायच्या आधी ईशाने दोन्ही वाट्या तिच्या तराजूत ठेवल्या. ओमचं पारडं खाली गेलं.

मी म्हटलं, "अगं, तुझा हँगर वाकडा असेल."

"मग वाट्या बदलून बघू."

बदलल्या. परत ओमचीच वाटी खाली.

"आज चुकून झालं असेल," मी म्हटलं. "मी कधी तुमच्यात फरक करते का?"

वाटी उचलून घेत ती शांतपणे म्हणाली, "आई, मी गुरुवारपासून रोज बघतेय."