कुंपणावरचा कॅमेरा

राजधानी मासेरूला जाणाऱ्या टॅक्सीसाठी रांगेत उभा होतो. पुढे सरकारी परवान्याच्या, औषधासाठी गांजा पिकवणाऱ्या मळ्याचा पहारेकरी सेएसो आणि त्याची शेजारीण मालिनेओ.

"मळ्यात चोरी झाली तेव्हा कुंपणावरचा कॅमेरा काय करत होता?"

"बंद होता, मावशी. चालू ठेवायची परवान्यात अट आहे, पण बिघडला होता."

"मग माझ्या नवऱ्याला चोरताना पाहिलं कोणी?"

"मी."

"त्या दुपारी तू त्याच्याबरोबर माझ्या अंगणात ज्वारीची दारू पीत होतास."

"हळू बोला. पहारा सोडला हे कळलं तर नोकरी जाईल माझी."

"आणि तो तुरुंगात सडतोय त्याचं?"

"टॅक्सी आली. बसा तुम्ही."

"तूही बस. आज कोर्टात साक्ष तुझीच आहे."

"मी पुढच्या टॅक्सीनं येतो."

"मग मीही थांबते."